बशीतला काळजाचा तुकडा

आत्याच्या जाडजूड फायलीत सगळ्यात जास्त वेळा लागलेला कागद टूडी एकोचा आहे. स्तनाच्या कॅन्सरवर तिला सलाईनमधून लाल रंगाचं औषध चालू होतं. नाव डॉक्सोरुबिसिन, पण वॉर्डात सगळे त्याला नुसतं ‘लाल औषध’ म्हणतात. ते सुरू करण्याआधी एको, मध्ये एको, संपल्यावर पुन्हा एको. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपायचं, छातीवर गार जेल लागतं, आणि पडद्यावर आपलंच करडं हृदय उघडझाप करताना दिसतं. एको करणाऱ्या बाई डाव्या कप्प्याच्या आतल्या कडेने एकेक ठिपका टाकत जातात आणि शेवटी खाली पंपिंगचा आकडा उमटतो, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो. आत्याचा पहिला आकडा 62 होता. चौथ्या खेपेला तो 46 वर आला, आणि डॉक्टरांनी लाल औषध थांबवून दुसरं सुरू केलं.

परतीच्या रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “शेजारच्या खाटेवरच्या वहिनींनाही तेच लाल औषध होतं गं. तेवढंच. त्यांचं पंपिंग जरासुद्धा हललं नाही. मग माझंच का?”

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पण त्याचा शोध घेताना जे वाचत गेले, त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. मानवी मूळपेशींपासून (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडवता येतात त्या पेशी) हृदयाची ऊती छापण्याचं तंत्र आपल्याकडे वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या कारणासाठी गाजतं, ते कारण आपल्यासाठी आज तरी चुकीचं आहे. ज्या कारणासाठी त्यावर सरकारी पैसा, वेळ आणि माणसं लागायला हवीत, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आधी गाजावाजा कशाचा झाला ते सांगते. एप्रिल 2019 मध्ये तेल अविव विद्यापीठातल्या ताल द्वीर यांच्या गटाने माणसाच्या पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेला नेल्या, त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी घडवल्या. पेशी काढून उरलेल्या जाळीची जेल करून, तीच शाई म्हणून वापरून सशाच्या हृदयाएवढा अवयव छापला. जगभर मथळे झळकले: हृदय छापलं! माझ्या वर्गातली मुलं दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन आली, “मॅडम, आता हृदय बदलून मिळणार ना?” त्या छोट्या हृदयातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्यांनी मिळून रक्त ढकलावं एवढी त्यांची एकी झालेली नव्हती. संशोधकांनी हे स्वतःच सांगितलं होतं. मथळ्यांत ते आलं नाही.

आपलं हृदय साधारण 300 ग्रॅमचं. त्यात स्नायूच्या दोनशे ते तीनशे कोटी पेशी. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, एकही रजा नाही. डाव्या कप्प्याची भिंत सेंटीमीटरभर जाड असते, आणि तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीशेजारून एक केशवाहिनी जाते, कारण प्राणवायू पेशींच्या गर्दीतून जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या भागापर्यंतच झिरपतो. त्याहून जाड तुकडा रक्तवाहिन्यांशिवाय छापला तर आतला भाग गुदमरून मरतो. शिवाय हृदयाच्या स्नायूपेशी एकदा पक्व झाल्या की जवळपास दुणावत नाहीत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2009 मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा पेशींत मोजून दाखवलं की पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का पेशी बदलतात आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. म्हणून हार्ट अटॅकमध्ये गेलेल्या पेशी परत येत नाहीत. तिथे वण येतो आणि पंपिंग उतरतं.

या अडचणीवरची एक सुरेख वाट अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सापडली, आणि ती मी वर्गात दरवर्षी सांगते. ब्रेंडा ओगल यांचा गट कित्येक वर्षं हृदयस्नायूच्या तयार पेशी छापत होता. पेशी छापल्या जायच्या, पण दाटी व्हायचीच नाही. एकमेकींना भिडल्याशिवाय त्या एका तालात धडधडणार कशा? गट हात टेकायच्या बेताला आला, तेव्हा पीएचडी करणाऱ्या दोन मुलांनी सुचवलं की स्नायूपेशी छापूच नका, आधी मूळपेशी छापा. मूळपेशींना वाढण्याची दांडगी हौस असते. त्या छापलेल्या साच्यात दोनेक आठवडे वाढू द्यायच्या, जागा गच्च भरली की मग त्यांना तिथल्या तिथे हृदयाचा स्नायू बनायला लावायचं. बीज रोवायचं, रोप जमिनीतच मोठं करायचं, असं काहीसं. जुलै 2020 मध्ये त्यांनी दाखवलेला तुकडा जेमतेम दीड सेंटीमीटरचा होता, म्हणजे उंदराच्या पोटात मावेल एवढा. पण त्याला कप्पे होते आणि तो सगळा मिळून धडधडत होता.

छपाईचं म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघरातल्या सोऱ्याची आठवण यावी असं ते यंत्र असतं. सिरिंजमध्ये पेशी आणि जेल यांची शाई, खाली बारीक सुई, आणि संगणक सांगेल तशी सुई फिरते. अडचण अशी की ही शाई कुरडईच्या चिकासारखी मऊ असते, थर चढवला की बसते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅडम फाइनबर्ग यांनी 2015 मध्ये त्यावर तोड काढली. हवेत छापायचंच नाही, जिलेटिनच्या घट्ट लगद्यात सुई बुडवून छापायचं. लगदा तुकड्याला चहूबाजूंनी धरून ठेवतो. छपाई झाली की भांडं 37 अंशांवर न्यायचं, जिलेटिन वितळून वाहून जातं आणि आतला तुकडा उभा राहतो. 2019 मध्ये त्यांनी याच पद्धतीने कोलॅजेनमधून हृदयाचे भाग छापून दाखवले.

मूळपेशी येतात कुठून, यावरचा जुना वाद आता बराच मागे पडला आहे. क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशींत चार जनुकं चालू करून त्यांना भ्रूणातल्या पेशींसारखं केलं. 2012 चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. आता भ्रूण लागत नाही. थोडंसं रक्त पुरतं. हे ‘थोडंसं रक्त पुरतं’ नीट लक्षात ठेवा, माझा पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

आत्याच्या प्रश्नाकडे येते. 2016 मध्ये पॉल बरिज आणि स्टॅनफर्डचे जोसेफ वू यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या अशा स्त्रियांच्या पेशी घेतल्या, ज्यांना लाल औषध दिलेलं होतं. काहींच्या हृदयाला त्याचा त्रास झाला होता, काहींच्या नाही. प्रत्येकीच्या पेशींपासून मूळपेशी केल्या, त्यांच्यापासून प्रयोगशाळेतल्या बशीत हृदयाच्या पेशी वाढवल्या आणि त्यांच्यावर तेच औषध टाकलं. जिच्या हृदयाने शरीरात हाय खाल्ली होती, तिच्या पेशींनी बशीतही हाय खाल्ली. जिचं हृदय तगलं होतं, तिच्या पेशी जास्त तगल्या. ‘नेचर मेडिसिन’मधला तो लेख वाचताना मला रिक्षातली आत्या दिसत होती. तिचंच का, याचं उत्तर तिच्या पेशींत आधीपासून लिहिलेलं होतं, आणि ते वाचता येण्यासारखं होतं.

त्या प्रयोगातल्या पेशी बशीत पसरलेल्या होत्या, छापलेल्या नव्हत्या. छापलेल्या तुकड्याची कामगिरी इथून पुढे सुरू होते. हृदयाचं काम ताणाखाली चालतं. सपाट पसरलेली पेशी मेली की जिवंत आहे एवढं सांगते, ओढण्याचं तिचं बळ किती उतरलं ते नीट सांगत नाही. एका दिशेने रचलेल्या, दोन खांबांत ताणून धरलेल्या तुकड्याचं बळ मोजता येतं, ताल चुकला तर दिसतो. हार्वर्डमध्ये केव्हिन किट पार्कर आणि जेनिफर लुइस यांच्या गटांनी 2016 मध्येच बळ मोजणाऱ्या संवेदकांसकट छापलेली हृदयाची चिप दाखवली होती. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. तो छापलेला तुकडा हे हृदयाचं शीत आहे. पातेलं चुलीवर चढवण्याआधी तांदूळ कसा आहे ते कळलं, तर जेवणारा उपाशी राहत नाही.

औषध हृदयाला बाधेल की नाही हे आजवर आपण उंदरा-कुत्र्यांवर बघत आलो. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं, आपलं सत्तर. त्याच्या पेशींतले विजेचे प्रवाहही वेगळे. म्हणून काही औषधं सगळ्या चाळण्यांतून सुटून माणसांपर्यंत येतात आणि मग माणसंच चाळणी होतात. छातीतल्या जळजळीवर दिलं जाणारं सिसाप्राइड हे त्यातलं एक. काही लोकांत ते हृदयाचा ताल असा बिघडवायचं की जीव जायचा. अमेरिकेत ते 2000 मध्ये बाजारातून उचललं गेलं. भारतात बंदी आली फेब्रुवारी 2011 मध्ये. मधली जवळपास अकरा वर्षं आपल्याकडे ते जळजळीसाठी लिहून दिलं जात होतं. मानवी हृदयपेशींवर अशी ताल बिघडवणारी औषधं ओळखता येतात.

आणि हृदय नेमकं कुणाचं, हा प्रश्न आपल्यासाठी फार मोठा आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवलं की भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातली 25 अक्षरं गळालेली आहेत. ही गळती सुमारे 33 हजार वर्षांपूर्वीची. तरुणपणी सहसा काही जाणवत नाही. वय वाढतं तशी काहींच्या हृदयाची भिंत दुबळी होत जाते. ज्यांच्यात ती आहे त्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, पण धोका बराच वाढतो. 4 टक्के म्हणजे किती? पन्नास माणसांनी भरलेल्या एसटीत दोघं. जगात इतरत्र हा बदल क्वचितच सापडतो. म्हणजे परदेशात गोऱ्या माणसाच्या पेशींपासून केलेल्या हृदयाच्या तुकड्यावर एखादं औषध पास झालं, तरी त्या एसटीतल्या दोघांबद्दल ते काहीही सांगत नाही. जगातल्या प्रयोगशाळांमध्ये आज ज्या मूळपेशी वापरल्या जातात, त्या बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षं आधी गाठतो हे डॉक्टर सांगत आले आहेत. तरीही आपल्या हृदयांची परीक्षा दुसऱ्यांच्या शितांवरून चालली आहे.

माझी मागणी म्हणून अशी आहे. छापलेलं हृदय छातीत बसवण्याच्या शर्यतीत आपण उतरू नये. हृदयाचा छापलेला तुकडा बशीत, आपल्या लोकांच्या पेशींतून, सरकारी पैशाने आणि सर्वांसाठी खुला, असा मात्र आत्ताच बनवायला घ्यावा. औषध कंपन्यांना तो वापरायला लावावा.

याला लागणारं सामान आपल्याकडे नाही असं म्हणण्याची सोय नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवण्याचं काम तिथून अनेक वर्षं चालतं. तिथून थोड्याच अंतरावर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिथे पॉलिमर आणि जेल यांवर दशकानुदशकं काम झालं आहे. मुंबईत टाटा मेमोरियलसारखं रुग्णालय, जिथे देशभरातून कॅन्सरचे रुग्ण येतात. पेशी इथे, जेल इथे, आणि ज्यांच्यासाठी हे करायचं ती माणसं इथे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

कायद्यानेही दार उघडून ठेवलं आहे. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधांच्या 2019 च्या नियमांत बदल केला. प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी मानवी पेशींच्या त्रिमित रचना, चिपवरचे अवयव असे पर्याय ग्राह्य धरण्याची तरतूद त्यात आली. अमेरिकेने असाच बदल त्याच्या तीनच महिने आधी केला होता. म्हणजे या बाबतीत आपण मागे नाही. 2024 मध्ये केंद्राने जैवउत्पादनासाठी ‘बायोई3’ नावाचं धोरणही मंजूर केलं. पण नियम ‘चालेल’ म्हणतो, ‘करा’ म्हणत नाही. खात्रीलायक भारतीय तुकडा हाताशी असल्याशिवाय कुठली कंपनी आपणहून तिकडे वळेल? तो हाताशी देणं हे सरकारचं काम आहे. रस्ता सरकारने बांधायचा असतो, मग त्यावरून गाड्या धावतात.

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं. पंपिंग 20 वर आलेल्या माणसाला तुमच्या बशीतल्या तुकड्याचा काय उपयोग? त्याला हृदय हवंय.

प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्यांत माझे स्वतःचे नातेवाईक आहेत. मी त्यांना दोन गोष्टी सांगते.

पहिली अशी, की छातीत बसवण्याच्या दिशेने गंभीर काम चाललं आहे आणि ते सावकाश चाललं आहे. जर्मनीत ग्योटिंगेनच्या वोल्फ्राम-हुबर्टुस त्सिमरमान यांच्या गटाने मूळपेशींपासून केलेल्या हृदयस्नायूचे ठिगळ आधी माकडांत आणि मग माणसात लावले. हे ठिगळ छापलेलं नाही, कोलॅजेनमध्ये ओतून जमवलेलं आहे. जानेवारी 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी 46 वर्षांच्या एका स्त्रीचा वृत्तान्त दिला. ठिगळ लावल्यावर तीन महिन्यांनी तिला दात्याचं हृदय मिळालं, तेव्हा जुनं हृदय तपासून बघता आलं. ठिगळ जिवंत होतं आणि त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. मला हे वाचून फार आनंद झाला. पण तिथेही पेशी दुसऱ्याच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतातच. स्टॅनफर्डमध्ये मार्क स्कायलर-स्कॉट यांच्या गटाला 2023 मध्ये अमेरिकी सरकारने 2 कोटी 63 लाख डॉलर दिले आहेत. पाच वर्षांत पूर्ण हृदय छापून ते डुकरात बसवणं हे त्यांचं उद्दिष्ट आहे. डुकरात, माणसात नव्हे. चार्ल्स मरी यांच्या गटाने 2014 मध्ये माकडांच्या हृदयात मानवी हृदयपेशी घातल्या तेव्हा स्नायू पुन्हा भरला, पण हृदयाचा तालही बिघडला. कारण मूळपेशींतून निघालेल्या हृदयपेशी वयाने गर्भातल्या बाळाच्या असतात आणि आपल्याच तालात धडधडू पाहतात. कोलंबिया विद्यापीठाच्या गॉर्दाना वुन्याक-नोवाकोविच यांनी 2018 मध्ये अशा ऊतीला आठवडेच्या आठवडे रोज वाढत्या गतीचे विजेचे ठोके देऊन, जणू तालीम करवून, प्रौढ बनवून दाखवलं. अशी तालीम झालेला तुकडा औषध तपासायला आजच उपयोगी आहे. छातीत घालायला अजून नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला त्रास होतो. हृदय हवंय म्हणणाऱ्या घरांसाठी हृदयं आहेत, आपण ती जाळून टाकतो. देशात वर्षाला अडीचशेच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं होतात. मेंदूमृत दात्यांचं प्रमाण दहा लाख लोकांमागे एकाच्याही खाली आहे. स्पेनमध्ये ते चाळीसच्या वर आहे. 3 डिसेंबर 1967 ला केपटाऊनमध्ये क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, 16 फेब्रुवारी 1968 ला, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला, पण हात तयार होते, धाडस तयार होतं. तयार नव्हता तो कायदा. मेंदूमृत्यूला मृत्यू मानणारा कायदा आला 1994 मध्ये, आणि मुंबईत पुन्हा हृदय प्रत्यारोपण व्हायला 2015 उजाडावं लागलं. सत्तेचाळीस वर्षं. यंत्र नसल्याने हृदयं अडली नाहीत. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या घरच्यांशी बोलायला माणूस नसतो, म्हणून ती अडतात. छापलेल्या हृदयाची बातमी वाचून “आता काय, छापूनच मिळेल” म्हणणारा जो माणूस अवयवदानाचा अर्ज बाजूला ठेवतो, त्याच्यापर्यंत हे पोहोचायला हवं.

उतावीळपणाचं आणखी एक रूप मी जवळून पाहिलं आहे. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांच्या वडिलांचं पंपिंग पंचविशीवर आलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते त्यांना मोठ्या शहरातल्या एका केंद्रात घेऊन गेले. कमरेच्या हाडातून मज्जा काढली, ‘तुमच्याच मूळपेशी’ म्हणून सलाईनमधून परत दिल्या, आणि शेतजमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे घेतले. पावती ‘पुनरुज्जीवन उपचार’ अशा नावाची होती. पुढच्या एकोत काहीही फरक नव्हता. वास्तविक आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत. रक्ताच्या काही आजारांवरचं मज्जारोपण सोडलं, तर मूळपेशींचा प्रत्येक वापर हे संशोधन आहे, आणि ते परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचं. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. सरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ‘हृदय छापलं’ अशी प्रत्येक फुगवलेली बातमी या दुकानांचा फुकटचा जाहिरातफलक होते, म्हणून शब्द जपून वापरा असं मी पुन्हा पुन्हा म्हणते. ऊतीला ऊती म्हणा. तुकड्याला तुकडा म्हणा.

आणि हे फक्त गल्लीतल्या दुकानांपुरतं नाही. कॅरोलिन्स्कासारख्या नावाजलेल्या ठिकाणी पाओलो मॅकियारिनी मूळपेशी लावलेल्या कृत्रिम श्वासनलिका माणसांत बसवत राहिले. रुग्ण दगावले, आणि 2023 मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. हृदयात स्वतःच्याच मूळपेशी असतात आणि त्या स्नायू भरून काढतात, हा पिएरो अनव्हर्सा यांचा दावा वर्षानुवर्षं चालला, त्यावर माणसांतल्या चाचण्या झाल्या. 2018 मध्ये हार्वर्डने त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. बशीतल्या तुकड्याबाबत चूक झाली तर एक बशी फुकट जाते.

“एवढा खटाटोप कशाला, परदेशात झालं की विकत घेऊ” असं म्हणणाऱ्यांना मी तिरुवनंतपुरमची झडप दाखवते. श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप करायला घेतली, तेव्हा परदेशी झडप आपल्या गरिबाच्या आवाक्यात नव्हती. आणि सांधेतापाने झडपा खराब झालेले रुग्ण बहुतांशी गरीबच असतात. आधीची तीन रूपं फसली, वर्षं गेली, चौथं टिकलं. डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसली. आजवर एक लाखाहून जास्त छात्यांत ती टकटक करते आहे, परदेशी झडपेच्या काही हिश्शाएवढ्या किमतीत. हे काम सरकारी पैशावर, सरकारी पगारावरच्या माणसांनी, तीनदा फसूनही चालू ठेवलं म्हणून झालं. बुबुळाच्या बाबतीत हैदराबादने तशी सुरुवात केलीच आहे. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी यांनी 2022 मध्ये मानवी ऊतीपासून छापलेलं पारपटल (कॉर्निया) सशाच्या डोळ्यात बसवलं. हृदयाच्या तुकड्यासाठी असं का होऊ नये?

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. पेशी ज्याच्या, त्याला विचारून. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, त्यांच्यावर कंपन्या मोठ्या झाल्या, आणि घरच्यांना एका कंपनीकडून तडजोड मिळायला 2023 उजाडलं. आपल्याकडे संमतीपत्र म्हणजे इंग्रजीतली चार पानं आणि “इथे सही करा” म्हणणारं बोट. रक्ताच्या त्या नळीतून माझ्या हृदयाचा तुकडा बनणार आहे, तो माझ्यानंतरही वर्षानुवर्षं धडधडत राहू शकतो, त्यावर कुणी औषध तपासेल आणि नफा कमवेल, हे माणसाला त्याच्या भाषेत, बसवून, वेळ देऊन सांगायला हवं. नको म्हणायचीही सोय हवी. आणि त्या तुकड्यावर तपासून बाजारात आलेलं औषध त्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायला हवं, हे त्या कागदावरच लिहिलेलं हवं. तसं नसेल तर मी स्वतः विरोधात उभी राहीन, बाकी सगळं कितीही पटत असलं तरी.

गेल्या महिन्यात आत्याचा पुन्हा एको होता. आकडा 52. निघताना मी तिला हे सगळं सांगितलं, रक्त किती लागतं, त्याचं काय होईल, कुणाला उपयोग होईल. तिने नीट ऐकलं. शेजारच्या खाटेवरच्या वहिनींनाही विचारायला हवं म्हणाली, कारण दोघींचं असल्याशिवाय फरक कसा कळणार. मग चष्मा पुसत म्हणाली, “कागद मराठीत असेल तर आण. वाचून सही करते.”